मावशीचं ‘तिकडे’

मावशीनं त्या देशाचं नाव घरात घेतल्याचं मला आठवत नाही. वर्गात घ्यायची, तिच्या पुस्तकात तर ते पानोपानी छापलंय, पण घरी मात्र नुसतं ‘तिकडे’. तिकडे हवा कोरडी असते. तिकडे मंत्रिमंडळ बदललं. तिकडे चादरी गच्चीवर वाळत घालतात आणि वारा आला की त्या शेजाऱ्याकडे जातात. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, चिडवायची, ‘नवऱ्याचं नाव घ्यायला लाजावं तसं काय ते तिकडे-तिकडे! लग्न केलं नाहीस ते बरंच झालं. तो बिचारा जन्मभर इकडेच राहिला असता.’

मावशी हसायची. तिला उलट उत्तर द्यायची सवय नव्हती. ज्या कामात तिनं आयुष्य घातलं, त्यात उलट उत्तरं फार जपून द्यावी लागतात.

अरब देशांचं राजकारण आणि त्यांचं परराष्ट्र धोरण हा तिचा विषय. विद्यापीठात तिला पाठीमागे सगळे ‘अरबीबाई’ म्हणायचे, आणि पुढेपुढे तोंडावरही. ती या विषयाकडे वळली कशी, हे ती स्वतःच रंगवून सांगते. कॉलेजात राज्यशास्त्राचे प्राध्यापक एकदा वैतागून म्हणाले, ‘त्या लोकांबद्दल आपण सगळं परक्यांच्या इंग्रजीतून वाचतो. अरबी शिकायला तयार आहे का कुणी?’ एकही हात वर झाला नाही. फक्त मावशीचा झाला. ‘पंख्याचा वारा लागत नव्हता म्हणून केला होता गं,’ ती म्हणते, ‘पण सर इतके खूश झाले की खाली घ्यायला जीव होईना.’

पुढे तिला भाषा शिकण्यासाठी वर्षभराची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती एका छोट्या अरब देशाच्या राजधानीत जाऊन राहिली. विद्यापीठामागच्या जुन्या वस्तीत, एका विधवा बाईच्या घराच्या वरच्या मजल्यावर तिला खोली मिळाली. अरबीत मावशीला ‘खाला’ म्हणतात, आणि ‘माझी मावशी’ म्हणायचं तर ‘खाल्ती’. वस्तीतली सगळी पोरं त्या बाईला खाल्तीच म्हणायची, म्हणून हीही म्हणू लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं घरी कळवलं : मी वरती राहते आणि खाल्ती खालती राहते. आईला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

तिनं इथे शिकलेली अरबी पुस्तकी होती, जाहीरनाम्यांची आणि भाषणांची. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणायला गेली आणि जे काही बोलली, ते ऐकून दुकानदारानं काउंटरवर डोकं टेकलं. हसून हसून त्याला उचकी लागली. ‘हे महोदय, मज एक साबण प्रदान करण्याची कृपा व्हावी, असं काहीतरी बोलले असणार मी,’ मावशी सांगते. आणि गंमत अशी की साबण हा शब्द अरबीच. आपण तो उचलला, खुर्ची उचलली, तारीख, मुक्काम, हिशेब, दुकान, सगळं उचललं. ‘तुम्ही दिवसभर अरबीच बोलता,’ ती आम्हाला म्हणायची, ‘फक्त तुम्हाला पत्ता नाही.’

घरची भाषा तिला खाल्तीनं शिकवली. मावशी वरती मोठ्यानं वाचत बसायची आणि उच्चार चुकला की खालून छताला केरसुणीचा दांडा ठोकला जायचा. ठक. पुन्हा म्हणायचं. पुन्हा ठक. बरोबर आलं की शांतता. संध्याकाळी दोघी पायरीवर बसून भाजी निवडायच्या आणि खाल्ती बोलायची. गुडघ्यांबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल. तिच्या बोलण्यात कुठलाही मुद्दा नसायचा. मावशी म्हणते, असं बोलणं तिनं त्याआधी कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. आपल्या भाषेत ते आपोआप कानावरून जातं. परक्या भाषेत एकेक शब्द मिळवावा लागतो, आणि मिळवलेलं माणूस विसरत नाही.

खाल्तीचं माहेर सरहद्दीपलीकडे, शेजारच्या मोठ्या देशात. रस्ता जवळचाच, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं असा. पण दोन्ही सरकारांचं बिनसलं की सरहद्दीवरचं नाकं बंद व्हायचं आणि हिचं माहेर तुटायचं. मावशी होती त्या वर्षी खाल्तीनं पिशवी कितीदा भरली आणि कितीदा रिकामी केली याला गणती नाही. एकदा पिशवी भरून दारात ठेवलेली, रेडिओवर बातमी लागली, आणि खाल्ती आत जाऊन कपडे पुन्हा कपाटात रचू लागली. मावशी मदतीला गेली तर म्हणाली, ‘तू अभ्यास कर. तुला यातलं कळलं तर मला सांग.’

वर्ष संपलं. निघताना मावशीनं पुढच्या उन्हाळ्यात येते म्हणून सांगितलं, आणि ते तिला खरंच वाटत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आजोबांना अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या खाटेशी मावशीच होती, कारण आईला तेव्हा मी होणार होते. नंतर विद्यापीठात नोकरी लागली. खाल्तीला लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे पत्रांचा प्रश्न नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता. तो लावला की दुकानदार रस्त्यात उभा राहून खाल्तीला हाक मारायचा आणि ती येईपर्यंत मावशी इकडे रिसीव्हर कानाला लावून त्या गल्लीचे आवाज ऐकत बसायची. काही वर्षांनी तो नंबर लागेनासा झाला.

मला आठवते ती मावशी यानंतरची. विभागातली तिची खोली जिन्याखाली होती, म्हणून छत तिरकं. उंच माणसं आत आली की कपाळ चोळत बाहेर जायची. पोस्टानं शिळी होऊन येणारी अरबी वर्तमानपत्रं गठ्ठ्यांनी भिंतीशी रचलेली असायची आणि खिडकीत रेडिओ, त्याची एरियल पडद्याच्या दांडीला बांधलेली. ती दिवसभर सरकारी निवेदनं वाचायची. मी शाळेतून तिथे जायचे तेव्हा ती मला त्यातली गंमत दाखवायची. ‘हे बघ, मागच्या महिन्यात हे त्यांना बंधुराष्ट्र म्हणत होते. आज नुसतं मित्रराष्ट्र. म्हणजे भांडण झालंय.’ ‘सविस्तर चर्चा’ म्हणजे काही जमलं नाही. ‘मोकळेपणानं चर्चा’ म्हणजे टेबलावर हात आपटले गेले. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘यासाठी एवढं शिकायला कशाला हवं? मुलगी बघून गेलेले लोक ‘मग कळवतो’ म्हणतात, तेच हे.’

पण मावशीला ज्याची भूक होती, ते त्या गठ्ठ्यांत नव्हतं. सगळी पुस्तकी अरबी. निषेध, सार्वभौमत्व, उभयपक्षी हितसंबंध. गुडघे नाहीत, नळ नाही, सून नाही. रेडिओवर बातम्यांनंतर कधी एखादी बाई फोन करून कार्यक्रमवाल्याशी काहीबाही बोलायची, तेवढ्यासाठी मावशी हातातलं काम टाकून उठायची, एरियल धरून उभी राहायची. मी काही विचारलं तर बोट ओठांवर. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचं ते मला लहानपणी ओळखता आलं नाही. आता मी दातांच्या कवळ्या बनवायचं काम करते. मावशी तोंडातली भाषा बघायची, मी तोंडातले दात बघते, असं घरात म्हणतात. माझ्याकडे येणारी म्हातारी माणसं कधी एखादा पदार्थ आठवून नुसतंच तोंड हलवतात, तेव्हा मला मावशी दिसते, एरियल धरून उभी असलेली.

मी कॉलेजात होते तेव्हा तिकडे लढाई पेटली. एका बलाढ्य देशानं खाल्तीच्या माहेरच्या मुलखावर विमानहल्ला केला. मावशी राहून आली त्या छोट्या देशाची मोठी पंचाईत झाली. शेजारी म्हणजे भाऊबंद, आणि हल्ला करणारा म्हणजे पोशिंदा. छोट्या देशाच्या परराष्ट्र खात्यानं त्याच दिवशी निवेदन काढलं. अरबीत होतं, ‘आम्ही या हल्ल्याचा तीव्र निषेध करतो.’ जगासाठी काढलेल्या इंग्रजीत होतं, ‘आम्हाला या घटनांबद्दल चिंता वाटते.’ मावशीनं दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. मग मागची कितीतरी वर्षं चाळली आणि तिला दिसलं की ही एकदाच झालेली चूक नाही, हा रिवाज आहे. घरच्यांना एक, बाहेरच्यांना दुसरं. तिनं त्यावर एक प्रकरण लिहिलं आणि तिच्या पुस्तकात तेच सगळ्यांत गाजलं. त्यातलं एक वाक्य असं होतं : ‘या राष्ट्राचं खरं धोरण त्याच्या दोन भाषांमधल्या फटीत राहतं.’

पुस्तक आलं आणि वर्षभरात तिच्या जिन्याखालच्या खोलीत त्या देशाच्या दूतावासातले सांस्कृतिक अधिकारी आले. पुढचं मावशीनं मला एकदा नाही, अनेकदा सांगितलंय. माणूस तिच्याच वयाचा, सौम्य, राखाडी सूट. छताला डोकं आपटून घेतलं तरी हसले. थोडा वेळ इंग्रजीत बोलले. मग मावशीनं अरबीत काहीतरी विचारलं.

‘ही बोली कुठली शिकलात तुम्ही?’ त्यांनी विचारलं.

मावशीनं वस्तीचं नाव सांगितलं.

‘माझं आजोळ तिथलं,’ ते म्हणाले, आणि पुढचं सगळं त्यांनी त्या बोलीत सांगितलं. कुठली गल्ली, कुठला उतार, कोणत्या वळणावर पावसाचं पाणी तुंबतं. मावशी म्हणते, मी त्यांचं बोलणं ऐकतच नव्हते. मी नुसता आवाज पीत होते.

मग ते कामाचं बोलले. राजधानीत एक परिषद भरणार होती. परराष्ट्र धोरणावर परदेशी अभ्यासकांची भाषणं व्हायची होती. तिकीट, राहणं, सगळं त्यांच्याकडे. मावशीला उद्घाटनाच्या सत्रात बोलवायची त्यांची इच्छा होती. ‘फक्त एक अडचण आहे,’ ते म्हणाले. ‘ते प्रकरण. आमच्या खात्यात काही जण नाराज आहेत. पुढच्या आवृत्तीत एक तळटीप घाला, की दोन मजकुरांतला फरक अनुवादकाच्या हातून झालेला असू शकतो. असू शकतो, एवढंच. तुम्ही खोटं काहीच म्हणत नाही.’

‘आणि नाही घातली तर?’

त्यांनी हात पसरले. ‘तर मी तुमच्या व्हिसासाठी फार काही करू शकेन असं मला वाटत नाही.’ आणि मग, अगदी हळू, ‘तुम्ही यावं असं मला मनापासून वाटतं. इतक्या वर्षांत आमच्या आजीसारखं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं.’

त्या संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली. आई मटार सोलत होती. मावशी समोर बसली आणि तीही सोलू लागली. सगळं सांगून झालं तेव्हा आई म्हणाली, ‘मग घाल की तळटीप. तळटिपा कोण वाचतं?’

‘ते वाचतात. म्हणून तर आले.’

‘तुला जायचंय ना?’

‘जायचंय गं ताई.’

आईनं हात थांबवले. मावशीला ‘ताई’ म्हणताना इतक्या बारीक आवाजात आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

‘मग एका शब्दाचं काय एवढं? असू शकतो म्हणायचं. जगात काहीही असू शकतं.’

‘अनुवादकाची चूक नव्हती, हे मला माहीत आहे. आणि त्या दिवशी खाल्तीनं रेडिओ लावला असणार. तिच्या माहेरावर बॉम्ब पडत होते, आणि रेडिओनं सांगितलं, निषेध केला. तिला वाटलं असेल, आपलं कुणीतरी बोललं. तिला फसवलंय, ताई. मी तिकडे जाऊन तिच्या पायरीवर बसणार ती काय खिशात ही तळटीप घेऊन?’

आईनं शेंगांचा ढीग पुढे ओढला. मग म्हणाली, ‘तुझं तू बघ. पण नंतर झुरत बसू नकोस.’

मावशीनं दुसऱ्या दिवशी नकार कळवला. झुरणं मात्र तिच्या हातात नव्हतं. व्हिसा तेव्हाही मिळाला नाही आणि त्यानंतर दोनदा अर्ज केला तेव्हाही नाही. कारण कधीच दिलं गेलं नाही. परिषदा होत राहिल्या. तिचे विद्यार्थी तिकडे जाऊन यायचे, तिच्या टेबलावर खजुराचे डबे, नकाशे, बसची जुनी तिकिटं आणून ठेवायचे. ती त्यांना एकच प्रश्न विचारायची, ‘रस्त्यावर लोक काय बोलत होते?’ पोरं गोंधळायची. राजकारणाबद्दल का, मॅडम? ‘नाही रे. असंच. काहीही.’ कुणालाच सांगता यायचं नाही. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं.

त्या काळात मी एकदा तिला विचारलं, पस्तावतेस का? तिनं सरळ सांगितलं, ‘लिहिल्याचा पस्तावा नाही. गेले नाही याचं दुःख आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही.’

तिच्या निवृत्तीनंतर तिकडचं सरकार बदललं. जुनी माणसं गेली, आणि बहुधा जुन्या नाराजीची आठवण ठेवणारंही कुणी उरलं नसावं. आम्ही दोघींनी साध्या प्रवाशांसारखा अर्ज केला आणि व्हिसा असा सहज मिळाला की मावशी पासपोर्ट उघडून पुन्हापुन्हा शिक्का बघत होती.

शहर मोठं झालं होतं. हॉटेलात, टॅक्सीत, सगळीकडे पोरं आमच्याशी फाडफाड इंग्रजी बोलायची. मावशी अरबीत बोलली तरी उत्तर इंग्रजीत. तिसऱ्या वेळी तिचा चेहरा उतरला. वस्तीचा अर्धा भाग पाडून तिथून चौपदरी रस्ता काढला होता. खाल्तीचं घर होतं तिथे, म्हणजे मावशीनं बोट दाखवलं तिथे, दुभाजकावर लावलेली झुडपं होती. ती फुटपाथच्या कडेला उभी राहिली आणि गाड्या जात राहिल्या. मी तिचा हात धरला, तर म्हणाली, ‘अगं, मी पडत नाहीये. मी जागा बघतेय.’

रस्त्याच्या या बाजूला जुन्या गल्लीचा एक तुकडा शिल्लक होता. तिथे एका दुकानात ती पाणी घ्यायला शिरली आणि काहीतरी म्हणाली. दुकानदार चाळिशीचा असेल. त्यानं मान वर केली, पुन्हा विचारलं, मावशी पुन्हा बोलली, आणि तो मोठ्यानं हसला. मला वाटलं, आली पुन्हा साबणाची कथा. पण तो आत वळून ओरडला, मावशीनं अर्थ सांगितला तो असा : ‘आई, बाहेर ये! इथे एक परदेशी बाई आलीय, ती तुझ्यापेक्षाही जुनं बोलते!’

पडद्यामागून एक म्हातारी आली. तिनं मावशीला एक प्रश्न विचारला, मावशीनं उत्तर दिलं, आणि म्हातारीनं कपाळाला हात लावला. नंतर मावशीनं मला सांगितलं : ती विचारत होती, कोणाची गं तू? मावशी म्हणाली, खाल्तीकडे वरच्या मजल्यावर राहायची ती. म्हातारी म्हणाली, ‘ती पाठ म्हणणारी पोरगी? अगं, केरसुणीचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा!’

आम्हाला खुर्च्या मिळाल्या. खाल्ती वारली होती. रस्त्यासाठी घरं पाडायच्या आधीच, लढाई निवल्यावर, नाकं काही महिने उघडलं होतं. तेव्हा ती पिशवी भरून माहेरी गेली आणि परत आलीच नाही. तिथेच, धाकट्या भावाच्या घरी, म्हातारपणानं गेली. मावशीनं हे ऐकून डोळे मिटले. रडली नाही. ‘पोचली,’ एवढंच मला म्हणाली.

तिला विचारायचं होतं, तो निषेध, ती चिंता, खाल्तीला कधी काही कळलं का. तिनं नाही विचारलं. म्हातारीनं गुडघ्याबद्दल बोलायला सुरुवात केली होती. मग सुनेबद्दल. मग नव्या रस्त्याच्या धुळीबद्दल. दुकानात गिऱ्हाईकं येत जात होती, मुलगा पैसे घेत होता, आणि मावशी पुढे वाकून, हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऊन दाराच्या उंबऱ्यावरून सरकत पलीकडच्या भिंतीवर गेलं तरी ती उठायचं नाव घेईना.

जाऊन आल्यावर तिची ओढ शमेल असं आम्हाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही, उलट ती वाढली. पूर्वी तिला काय हवंय ते नीट आठवतही नसेल, आता ताजं आठवतं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिनं दोन ठिकाणी तारखा दुरुस्त केल्या. ते प्रकरण आहे तसंच आहे. म्हातारीच्या नातवानं तिला मोबाइलवर जोडून दिलंय. दर शुक्रवारी दुपारी दोघी बोलतात. मावशी सोफ्यावर पाय वर घेऊन बसते आणि वयात आलेल्या मुलीसारखी हसते.

परवा मी गेले तेव्हा तिनं नुकताच फोन ठेवला होता. डॉक्टरांनी तिला विमानप्रवास बंद केलाय, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

‘काय म्हणत होत्या?’ मी विचारलं.

‘कधी येतेस म्हणून विचारत होती.’

‘मग? काय सांगितलंस?’

मावशीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

‘लवकरच, म्हटलं. अनुकूल वेळ येताच.’ आणि मग ओशाळं हसून म्हणाली, ‘सरकारं सांगतात तसं.’